मुहूर्ताची गाडी

गाडी घ्यायला निघालेला मराठी माणूस तयारीत कमी पडत नाही. पाडव्याचा मुहूर्त, नंबरची बेरीज, नारळ, पेढे, सगळं चोख. फक्त गाडी कारखान्यातून कुठल्या महिन्यात बाहेर पडली, हे चासी नंबरवरून पाहायचं राहतं. एक्स-शोरूम किंमत तोंडपाठ. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के रोड टॅक्स बसतो, हे मात्र शोरूमच्या सोफ्यावर कळतं. विमा बाहेरून घेतो म्हटलं की सेल्समनचा चेहरा पडतो. मग येतात ‘हँडलिंग चार्जेस’, जे ना आरटीओत जातात ना विमा कंपनीत. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारे आपण इथे फुकटच्या मॅटवर खूश होऊन सही करतो आणि हातभर लांब थर्माकोलची किल्ली धरून सहकुटुंब फोटो काढतो.