दुकानी माल, घडीव पोलाद

दरवर्षी थंडी सरू लागली की अमेरिकेतल्या गोल्फच्या दुकानांत नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, येतो. किंमत ६०० डॉलरच्या घरात. चेंडू आणखी लांब जाईल, अशी हमी जाहिरातीत असते. हीच हमी गेल्या वर्षीही होती, आणि त्याच्या आदल्या वर्षीही.

न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये नोकरी करणारा मराठी माणूस ऑफिसच्या मंडळींमुळे या खेळाकडे वळतो. दुकानात जातो. ड्रायव्हर, आयर्न्स, वेज, पटर, बॅग अशी बेरीज दीड हजार डॉलरच्या पुढे गेली की हात हलवत परत येतो. हा खेळ आपल्या खिशाचा नाही, असं त्याच्या मनात पक्कं बसतं. हा समज खोटा आहे, आणि तो घालवावा म्हणून आजचं सदर.

माझं म्हणणं एवढंच आहे: १९५० ते १९७५ या काळात अमेरिकेत सामान्य पगारदारासाठी बनलेली स्वस्त आयर्न्स, म्हणजे पोलादी डोक्याचे क्लब, आजही उत्तम आहेत. शिकणाऱ्याने तीच घ्यावीत. हे मी जुन्या काळाच्या प्रेमापोटी सांगत नाही. वस्तू चांगली आहे म्हणून सांगतो.

त्या काळी अमेरिकी बाजारात सरळ दोन पंगती होत्या. एक माल फक्त गोल्फ कोर्सवरच्या व्यावसायिक प्रशिक्षकाच्या दुकानात मिळायचा. दुसरा खेळाच्या सामानाच्या दुकानांत आणि सीअर्ससारख्या सर्व वस्तूंच्या मोठ्या दुकानांत मिळायचा. शिकागोची विल्सन कंपनी दोन्ही बनवायची. प्रशिक्षकाच्या दुकानात ‘विल्सन स्टाफ’, बाजारात ‘सॅम स्नीड ब्लू रिज’ आणि बायकांसाठी ‘पॅटी बर्ग’. शिकागोचीच नॉर्थवेस्टर्न कंपनी तर मुख्यतः या दुसऱ्या पंगतीवरच उभी राहिली. सीअर्सचा स्वतःचा शिक्का होता ‘जे. सी. हिगिन्स’. आयझेनहॉवर अध्यक्ष असताना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पटिंग करायचे, आर्नल्ड पामर टीव्हीवर दिसू लागला होता, आणि कारखान्यातला कामगार, शाळेतला मास्तर, विमा एजंट असे लोक सार्वजनिक कोर्सवर रांग लावू लागले होते. त्यांच्या हातात हा दुसऱ्या पंगतीचा माल होता.

आणि ज्यांची नावं त्या मालावर कोरलेली होती, ती माणसं कोण होती? सॅम स्नीड हा व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला गरीब घरचा मुलगा. लहानपणी झाडाची फांदी तासून त्याने आपला पहिला क्लब केला. पुढे पीजीए टूरवर ८२ स्पर्धा जिंकल्या. हा आकडा टायगर वूड्सने २०१९ मध्ये गाठला, ओलांडलेला नाही. ब्लू रिज म्हणजे त्याच्याच मुलखातल्या डोंगररांगा. पॅटी बर्गने १५ मोठ्या स्पर्धा जिंकल्या, १९४६ ची पहिली यूएस विमेन्स ओपन तिचीच, आणि एलपीजीए या महिला व्यावसायिकांच्या संघटनेची पहिली अध्यक्षही तीच. अशा माणसांची नावं स्वस्त मालावर टाकायला विल्सनला कमीपणा वाटला नाही. आज पहिल्या दर्जाचा खेळाडू फक्त महागातल्या महाग मालासोबत दिसतो. शिकाऊ सेटच्या खोक्यावर खेळाडूचं नाव सहसा नसतं.

एक ब्लू रिज आयर्न हातात घेऊन नीट पाहा. सात नंबरचं घ्या. वरची कड बोटाच्या पेरापेक्षाही बारीक. पाठ जवळजवळ सपाट, खाली तळाकडे थोडी जाड. पाठीवर स्नीडची सही ठशाने उठवलेली, रंग कधीच उडालेला. वापरलेलं असेल तर तोंडाच्या मधोमध क्रोम झिजून करडा, खडबडीत डाग पडलेला दिसतो. तो डाग मध्यावर असेल तर मालक चांगला खेळायचा. टोकाकडे सरकलेला असेल तर त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. ग्रिपचं रबर वाळून टणक झालेलं, शाफ्टवर एखाद्या पायरीशी गंजाचा ठिपका. पण पोलादाला काही झालेलं नसतं. पन्नास-साठ वर्षांत त्याच्यावर हजारो फटके बसले, तरी त्याचा कोन फारसा हललेला नसतो. हलला असेल तर वाकवून पुन्हा जागेवर आणता येतो.

कारण ते डोकं घडीव आहे. मुंढव्याच्या किंवा चाकणच्या फोर्जिंग शॉपमध्ये काम केलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. मऊ कार्बन पोलादाची कांब लालबुंद तापवायची, दोन साच्यांमध्ये धरून हातोड्याखाली घालायची, कडेला सुटलेला जादा धातू कापायचा, मग घासायचं, शाफ्टसाठी भोक पाडायचं, वर क्रोमचा मुलामा द्यायचा. त्या काळी आयर्न करण्याची मुख्य रीतच ही होती, त्यामुळे स्वस्त मालही बहुतेक याच रीतीने व्हायचा. मेणाच्या नमुन्यावरून साचा करून ओतलेली पोलादी डोकी कार्स्टन सोलहाइमच्या पिंगने पुढे आणली, तीही १९६० चं दशक संपता संपता. म्हणजे १९६२ साली सामान्य माणसाने बाजारातून ब्लू रिज आणलं, तेव्हा त्याच्या हातातला धातू आणि स्नीडच्या हातातला धातू यांत जातीचा फरक नव्हता.

मग पैसे कुठे वाचवले? ते लपलेलं नव्हतं. सेटमधल्या क्लबांची वजनं एकमेकांशी काटेकोर जुळवलेली नसायची. शाफ्ट साधा, एकाच कडकपणाचा. पॉलिशवर हात कमी फिरायचा. ग्रिपला चामड्याऐवजी रबर. यातल्या एकाही गोष्टीने नव्वद-शंभर फटक्यांत राउंड संपवणाऱ्या माणसाचं काही अडत नाही. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे त्या कारखान्यांना कळत होतं.

लाकडी क्लबांत तर स्वस्ताईचा फायदाच झाला. महाग ड्रायव्हर पर्सिमनच्या एकसंध ठोकळ्यातून कोरलेले असायचे. पर्सिमन हे आपल्या तेंदूच्याच कुळातलं झाड, टणक आणि दाट. अमेरिकेत त्याचे मागाचे धोटे व्हायचे, चपलांचे साचेही व्हायचे. ओहायोतली मॅकग्रेगर कंपनी मुळात असले साचेच करायची, तिथून ती गोल्फमध्ये आली. स्वस्त ड्रायव्हरला पर्सिमन परवडत नसे, म्हणून मेपलच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून ठोकळा करायचे. त्या ठोकळ्याला शोभा कमी, पण ओल कमी धरणारा आणि चटकन न तडकणारा. आज पन्नास वर्षांनी जुन्या सामानात हात घाला. पर्सिमनचं डोकं अनेकदा तळाच्या पितळी पट्टीशी भेगाळलेलं सापडतं, आणि शेजारचं मेपलचं डोकं धडधाकट असतं. मानेवर गुंडाळलेला काळा दोरा तेवढा सुटलेला. तो पुन्हा गुंडाळायला दहा मिनिटं लागतात.

आता लांबीचा प्रश्न. नवी आयर्न्स जास्त लांब जातात, हे विक्रेता हमखास सांगतो आणि मोजूनही दाखवतो. मोजणी खरी असते. त्यामागचं मुख्य कारण मात्र तो आपणहून सांगत नाही. १९७० च्या आसपास सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, ३८-३९ अंश असायचा. आज शिकाऊंसाठीच्या अनेक सेटमध्ये तो २८ ते ३१ अंश असतो. जुन्या हिशोबाने ते चार किंवा पाच नंबरचं आयर्न झालं. शाफ्टही थोडा लांब केला. तळाशी ७ हा आकडा तेवढा तसाच ठेवला. पिचिंग वेजचा लॉफ्ट असाच ५० वरून ४३-४४ वर आला, आणि मधली पोकळी भरायला आणखी एक वेज विकत घ्यावा लागला. गिऱ्हाइकाला लांबी मिळाल्यासारखी वाटली आणि बॅगेत एक क्लब वाढला. नव्या रचनेत वजन खाली नेल्यामुळे कमी लॉफ्टवरही चेंडू उंच उठतो, ही खरी कारागिरी आहे, ती मी नाकारत नाही. पण आकड्यांचा हा खेळ शिकणाऱ्यापासून लपवणं मला पटत नाही. शिकणाऱ्याला लॉफ्ट हवा असतो. जास्त लॉफ्टमुळे चेंडू हवेत जातो आणि वाकडाही कमी जातो.

जुन्या मालाचे दोष मी पदराखाली घालणार नाही. सपाट पाठीचं आयर्न मध्यावर लागलं नाही तर अंतर तुटतं आणि बोटांना झिणझिण्या येतात. ज्याला ते अगदीच सोसवत नाही, त्याने १९८२ चं पिंग आय-२ शोधावं. त्या वेळी महाग होतं, आज स्वस्तात मिळतं, आणि कडांना वजन असल्यामुळे चुका पोटात घालतं. लाकडी ड्रायव्हरबाबत तर वादच नको. त्याचं डोकं २०० घनसेंटिमीटरच्या आतलं, आजच्या ड्रायव्हरला ४६० पर्यंत मुभा. १९९३ मध्ये बर्नहार्ड लँगरने लाकडी ड्रायव्हर घेऊन मास्टर्स जिंकली, त्यानंतर मोठ्या स्पर्धेत लाकूड जिंकलं नाही. म्हणून ड्रायव्हर धातूचाच घ्या. दहा वर्षांपूर्वीचा घेतलात तरी शिकणाऱ्याचं भागतं.

पण आयर्नच्या त्या झिणझिण्यांना मी दोष म्हणायला तयार नाही. फटका कुठे लागला हे हाताला त्याच क्षणी कळतं. टाचेकडे, टोकाकडे, वर, खाली. नवं आयर्न हे कळू देत नाही, सगळे फटके जवळपास सारखेच वाटतात. ज्याला चूकच जाणवत नाही तो ती सुधारणार कशी? शेजारी प्रशिक्षक उभा करायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याला हे पोलादच शिकवतं.

स्वस्त सेटचा आणखी एक गुण म्हणजे त्यात क्लबच कमी असायचे. नियमाने १४ क्लब चालतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ मध्ये आली. शिकाऊ सेटमध्ये मात्र तीन, पाच, सात, नऊ अशी विषम आकड्यांची आयर्न्स, दोन वूड आणि एक पटर, एवढंच. सहा नंबरचं अंतर आलं की पाच आखूड धरून हलकं मारायचं, नाहीतर सात जोरात. खेळ असा अंगात मुरतो. स्पेनच्या सेवे बायेस्तेरोसने लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तीन नंबरच्या आयर्नवर सगळे फटके घोटले. पुढे तो पाच मोठ्या स्पर्धा जिंकला, आणि झाडीतून, वाळूतून, कुठूनही चेंडू काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आपल्याकडे चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीत कॅडी पोरांनी लोखंडी सळया वाकवून क्लब केले आणि गल्लीबोळांत प्लास्टिकच्या चेंडूने खेळ मांडला. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा वाहायच्या आणि संध्याकाळी सळईने खेळायचं. तिकडे परदेशी पत्रकार येऊन गेले, फिल्मही निघाली. एकेकाळी कॅडी असलेला दिल्लीचा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला, त्याआधी ती कोणत्याही भारतीय व्यावसायिकाला जमली नव्हती. अशा पोरांच्या हाती चार घडीव आयर्न्स पडली तर काय होईल, हा विचार आपल्या गोल्फ संस्थांनी करायला हवा. अमेरिकेत असे सेट गराजमध्ये पडून असतात आणि घर बदलताना कचऱ्यात जातात. संग्राहकांना जुनी मॅकग्रेगर पर्सिमन वूड हवी असतात. ब्लू रिजला, नॉर्थवेस्टर्नला कोणी विचारत नाही. त्या सेटांवर एका अख्ख्या पिढीने गोल्फ शिकला, तरी त्यांना इतिहासात जागा नाही, याचा मला राग येतो.

तेव्हा घ्यायला निघालात तर धर्मादाय दुकानांत पाहा, अंगणातल्या विक्रीत पाहा. वीस-तीस डॉलरच्या पुढे जाऊ नका. खिशात लोहचुंबक ठेवा. सर्वांत हलक्या दर्जाच्या सेटमध्ये जस्ताच्या मिश्रधातूची डोकी असतात. चुंबक चिकटला नाही तर सेट तिथेच ठेवा, ते डोकं दगडावर आपटलं की मानेतून तुटतं. शाफ्टवरून बोट फिरवा. वरवरचा गंज पुसून जातो, खड्डा पडला असेल तर नको. डोकं धरून शाफ्ट पिळून पाहा, मानेशी हालचाल जाणवली तर ती पहिल्यांदा पक्की करून घ्या. सगळ्या ग्रिप नव्या घाला, कितीही चांगल्या दिसल्या तरी. वाळलेली ग्रिप माणूस घट्ट आवळतो आणि तिथून अर्धे दोष सुरू होतात. मुलीसाठी हवं असेल तर पॅटी बर्ग शोधा, शाफ्ट आखूड आणि वजन हलकं असतं. आणि रेंजवर शेजारचा माणूस सात नंबरने १६० यार्ड मारत असेल, तर आपल्या सातवर ३९ अंश आहेत हे विसरू नका. तुमचे १३० बरोबर आहेत.