आवाजावरून सांगतो

पुण्यात मोटारीचं निदान आवाजावरून होतं. आमची डिझेलची गाडी सकाळी सोसायटीच्या आवारात धडधडायला लागली की बाल्कन्यांतून माना बाहेर येतात. “इंजेक्टर!” पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर डोळे मिटून सांगतात. “अहो, टर्बो गेलाय, नीट ऐका,” असं वरून उत्तर येतं. यांपैकी कुणी कधी बॉनेट उघडलेलं नाही. पण कान तयार आहेत.

या तज्ज्ञांचे आशीर्वाद घेऊन आम्ही इचलकरंजीला निघालो. मेव्हण्याच्या मुलाचं बारसं होतं. आगगाडीचा विचार करण्यात अर्थ नव्हता. देशभर कापड पाठवणाऱ्या या गावाचं स्टेशन हातकणंगल्याला आहे, म्हणजे उतरल्यावर पुन्हा गाडी शोधणं आलंच.

खंबाटकीला आमच्या गाडीने दम टाकला. आम्ही गेलो तेव्हा इथला बोगदा पुण्याकडे परतणाऱ्यांसाठीच होता. आम्हाला घाटच चढावा लागला. मागे एवढा काळा धूर निघाला की एका ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून निषेध नोंदवला, आणि त्याच्या स्वतःच्या धुरात क्लीनर दिसत नव्हता. सौ. म्हणाल्या, “टर्बो असेल.” त्याही त्याच सोसायटीत राहतात.

वाठारला महामार्ग सोडून, वडगाव, हातकणंगले करत एकदाचे पोचलो. मेव्हणा दारातूनच ओरडला, “काय झालंय दाजी?” तो चिडलेला नव्हता. इचलकरंजीत साधी चौकशी याच पट्टीत होते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं त्यांना पाठबळ होतं, आणि तेव्हापासून या गावात कुजबुज करायची सोय उरलेली नाही.

मेव्हण्याने ज्या मिस्त्रींकडे गाडी न्यायला सांगितलं, त्यांचं गॅरेज मागाच्या शेडला लागूनच होतं. भिंतीपलीकडे धोटे खडखडत होते. गाडी चालू आहे की बंद, हे मला काट्यावर बघावं लागलं.

“मिस्त्री, जरा आवाज ऐका,” मी सवयीने म्हणालो.

“कुणाचा? हितं सोताचा ऐकू येत न्हाई, पाव्हणं.”

त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला, मागे जाऊन धूर बघितला आणि स्कॅनर लावला. पडद्यावर ईजीआरचा कोड आला. मी लगेच विचारलं, “म्हणजे व्हॉल्व बदलायचा?”

“एवढ्यात न्हाई. कोड नुसती गल्ली सांगतोय. घर आपण हुडकायचं.”

मग समजलं की गाडी आपला थोडा धूर परत आत घेते. त्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे जळतानाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी बनतात. किती धूर घ्यायचा ते ईजीआर व्हॉल्व ठरवतो. तो उघडाच अडकला की ताज्या हवेची जागा धूर अडवतो. मग ताकद जाते, काळं ओकणं सुरू होतं, उभ्या उभ्या इंजिन थरथरतं. पण हवा मोजणारा सेन्सर बिघडला तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून मिस्त्रींनी आधी तो तपासला, मग व्हॅक्यूमच्या नळ्या कुठे फाटल्यात का ते बघितलं. सगळं ठीक. शेवटी चालू गाडीत त्यांनी व्हॉल्वची नळीच उपसली. व्हॅक्यूम गेला की आतल्या स्प्रिंगने व्हॉल्व मिटायला हवा आणि इंजिन शांत व्हायला हवं. ते तसंच थरथरत राहिलं.

“घावला,” मिस्त्री म्हणाले.

व्हॉल्व बाहेर आला तेव्हा तो उघडाच चिकटून बसला होता. सगळीकडे काजळीचा राप, तव्याच्या बुडासारखा. एव्हाना शेडमधला, माग दुरुस्त करणारा एक जॉबर बघायला आला होता. तो ओरडला, “पत्र्याची प्लेट मारून बंद करून टाका की! पीयूसीत काय घावत न्हाई.” खरं होतं. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नव्हे. पण मिस्त्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो धोटे बघायला परत गेला. व्हॉल्व क्लीनर मारून धुतला, दांडी बोटाने आतबाहेर सरकते का पाहिली, गॅस्केट नवी घातली, कोड पुसला. गाडी कोरोचीपर्यंत पळवून आणली. मागे धूर नाही.

“पुण्यात गाडी कुठं कुठं जातीया?”

“भाजी. दूध. क्लास.”

“तिथंच घोटाळा. इंजिन तापायच्या आत बंद. ट्रॅफिकमध्ये रांगायचं. काजळी साचणारच. महिन्यातनं एकदा तरी हायवेवर मोकळी पळवा.”

सौ. इतका वेळ स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्या उठल्या.

“म्हणजे पुण्याहून इचलकरंजी, एवढं अंतर चालेल?”

“चालेल की! एक नंबर.”

“मग तेवढं बिलावर लिहून द्या, मिस्त्री. दर महिन्याला, असं. आणि खाली शिक्का मारा.”