जुनी हॉट हॅच घ्यावयाची झाल्यास गुंजवण्यापर्यंत जावे

पुणे जिल्ह्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची असते. डॉक्टर ती फक्त दवाखान्यात न्यायचे, पावसात बाहेर काढायचे नाहीत, सर्व्हिसिंग शोरूमलाच करायचे, आणि आज तिला ‘एक रुपयाचं काम नाही, फक्त पेट्रोल टाका आणि चालवा’. एवढ्या गाड्यांना पुरतील इतके डॉक्टर जिल्ह्यात नाहीत, हा हिशेब इच्छुक खरेदीदाराने पहिल्याच फोनच्या वेळी मनात धरावा आणि मोठ्याने बोलू नये.

साधी गाडी घेणाऱ्याला मार्गदर्शन लागत नाही. तो शेजाऱ्याला विचारतो, वॅगन आर घेतो आणि सुखाने झोपतो. प्रश्न आहे तो हॉट हॅच घेऊ पाहणाऱ्यांचा. हॉट हॅच म्हणजे दिसायला भाजी आणायची छोटी गाडी आणि बॉनेटखाली तिच्या अंगापेक्षा मोठं इंजिन. १९७६ साली जर्मनीत फोक्सवॅगनने ११० अश्वशक्तीची गोल्फ जीटीआय विकायला काढली आणि हे खूळ जगभर पसरलं. आपल्याकडे ते पोचायला पंचवीस वर्षं गेली, पण पोचलं ते महाराष्ट्रातच.

पहिली मानकरी फियाट पालिओ १.६. २००१ मध्ये आली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, इंजिन १०० अश्वशक्तीचं. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. त्याच्या नावाची ‘एस १०’ ही मर्यादित आवृत्तीही निघाली. दुसरी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१३ची, चाकणची. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. तिसरी फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ची, रांजणगावची. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत तेव्हा दहा लाखांच्या आतबाहेर होती. दहा लाखांत एवढी ताकद देशात दुसरं कुणी देत नव्हतं, आणि तरीही लोकांनी ती फारशी घेतली नाही. आज तेच लोक ती शोधत फिरतात.

चौथीचं नाव घेताना आवाज खाली आणावा. पोलो जीटीआय. तीन दरवाजे, १.८ लिटर, १९२ अश्वशक्ती. २०१६ मध्ये भारतासाठी अवघ्या ९९ गाड्या आयात झाल्या, साधारण २६ लाखांना एक. एकट्या पुण्याच्या रस्त्यांवर मात्र जीटीआयचे बिल्ले याच्या कितीतरी पट दिसतात. बिल्ला बाजारात सुटा मिळतो. त्यामुळे मागच्या काचेखालची लाल अक्षरं वाचून छाती धडधडू लागल्यास इच्छुकाने प्रथम दरवाजे मोजावेत.

आता प्रत्यक्ष पाहणी. विक्रेत्याला आदल्या रात्री सांगून ठेवावं की, “दादा, सकाळी येतो, गाडी चालू करून ठेवू नका.” तो हो म्हणतो आणि चालू करून ठेवतो. म्हणून नमस्काराच्या आधी बॉनेटला हात लावावा. कोमट लागल्यास चहा घ्यावा, घरच्यांची चौकशी करावी, जमल्यास दुपारचं जेवणही तिथेच घ्यावं, पण इंजिन गार झाल्याशिवाय किल्ली फिरवू नये. कारण १.२ टीएसआयची टायमिंग चेन सैल पडली असेल तर ती गार इंजिनातच, पहिल्या काही सेकंदांत, डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजते. नंतर तेलाचा दाब चढतो आणि आवाज जातो. विक्रेता म्हणतो, “बघा, गेला ना आवाज!” पालिओला चेनऐवजी बेल्ट आहे. तो आवाज करत नाही, सूचनाही देत नाही. एके दिवशी तुटतो. बेल्ट कधी बदलला याचं बिल मागावं. ‘मागच्याच वर्षी बदललाय’ हे बिल नव्हे.

गाडीची तारीख गाडीवरच लिहिलेली असते, फक्त वाकून वाचावी लागते. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे, असा योग आला की डॉक्टरांनी दवाखान्यात जाताना बरीच रबरं झिजवली असं समजावं. काचांच्या कोपऱ्यातही सालाची खूण असते. एक सोडून सगळ्या काचा एकाच सालच्या असल्या, तर त्या एका काचेची हकिकत विचारावी. बॉनेट आणि दरवाजांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहावेत. पान्याने त्यांचा रंग उडाला असेल, तर ‘नॉन अ‍ॅक्सिडेंटल’ या शब्दाचा विक्रेत्याचा अर्थ आणि इच्छुकाचा अर्थ वेगळा आहे.

पाण्याची चौकशी तर पुण्यात करावीच. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांत पाणी भरलं. दोन्ही वेळा गाड्या बुडाल्या, पुसल्या गेल्या आणि त्यातल्या काही बाजारात आल्या. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढावा. रोज वापरात येणारा पट्टा धुतलेला असतो. आत गुंडाळून राहिलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ मिळते. ती रेघ धुवायची आठवण फार थोड्यांना होते. स्टेपनीखालच्या खळग्यातही बोट फिरवून पाहावं.

एवढं झालं की चाचणी. विक्रेत्याची आवडती चाचणी सोसायटीच्या गेटपासून पेट्रोल पंपापर्यंत असते आणि टाकीत पेट्रोलही बरोबर तेवढंच असतं. इच्छुकाने पदरचं पेट्रोल टाकून गाडी गुंजवण्याला न्यावी. स्वराज्याची राजधानी पाव शतक राजगडावर होती, आणि शत्रूचा दम काढण्यासाठी निवडलेल्या मुलखात शॉकअबचा दम आपसूकच निघतो. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, नसरापूर फाटा, तिथून मार्गासनी, साखर आणि शेवटी गडाच्या पायथ्याचं गुंजवणे. साठेक किलोमीटरमध्ये हायवे, बाजारपेठ, अरुंद रस्ता, खड्डे, वळणं आणि चढ हा सगळा अभ्यासक्रम पुरा होतो. शिवाय इतका वेळ शेजारी बसलेला विक्रेता कुठेतरी खरं बोलतोच. साधारणपणे मार्गासनीच्या पुढे.

हायवेवर गाडीची शेखी मिरवू नये, कान द्यावा. ऐंशीच्या वेगात गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, टर्बो भरताना शिट्टीऐवजी किंकाळी येते का, मागे निळा धूर निघतो का. धूर पाहायला आरसा पुरतो. रेडिओ बंद ठेवावा. विक्रेता तो पुन्हा पुन्हा चालू करू लागला तर आवाजाचा उगम सापडला असं मानायला हरकत नाही.

नसरापूर सोडलं की गतिरोधक सुरू होतात आणि अबार्थची खरी परीक्षा तिथे होते. तिची जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर, त्यात चार माणसं बसली की आणखी खाली. गतिरोधकावरून तिरकी काढूनही पोट घासत असेल, तर ते आधीही घासलेलं आहे. परतल्यावर गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघावाच. खड्ड्यात ‘खट’ आवाज आला तर लिंक रॉड किंवा बुश, ‘धप्प’ आला तर शॉकअब. दोन्ही एकदम आले तर किंमत पुन्हा बोलावी.

पोलो जीटीसाठी मात्र दिवस निवडावा लागतो. पावसाळ्यातला रविवार सर्वात उत्तम. त्या दिवशी राजगडाला निघालेल्या ट्रेकर मंडळींच्या गाड्यांची रांग लागते आणि चढावर मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं. या गिअरबॉक्सला नेमकं हेच सोसत नाही. त्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले. शंभराच्या वेगात तो लोण्यासारखा चालतो. पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धवट क्लचवर सारखं सरकवत राहिलं की तापतो, आणि झिजलेला असेल तर गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. दुसरं दुखणं मेकाट्रॉनिक्सचं. गिअर कधी टाकायचा हे ठरवणारा संगणक आणि ते करणारा तेलाचा पंप हे दोन्ही त्यात एकत्र बसवलेले. रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते का, डॅशबोर्डवरचं गिअरचं अक्षर लुकलुकतं का, हे पाहावं. उत्तर होकारार्थी असेल तर खर्च लाखाच्या वर जाऊ शकतो. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने सात गिअरच्या डीएसजीतलं सिंथेटिक तेल बदलण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. तेव्हा दोष एकट्या मार्गासनीच्या रस्त्याचा नाही. हा धोका नको असेल त्यांनी २०२०ची किंवा नंतरची, १.० लिटर टीएसआय इंजिनाची पोलो पाहावी. तिच्यात हा गिअरबॉक्सच नाही.

गुंजवण्यात गाडी सपाटीवर उभी करावी आणि दहा मिनिटं तिच्याकडे पाठ करून चहा प्यावा. मग पुढे सरकवून, ती उभी होती त्या जागेकडे पाहावं. तेलाचा काळा ठिपका असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्स गळतोय, हिरवा-गुलाबी असेल तर कूलंट. निव्वळ पाणी असेल तर एसी चालतो, अभिनंदन. इथे तज्ज्ञांचा सल्लाही फुकट मिळतो. पार्किंगजवळ बसलेले एखादे आजोबा गाडीभोवती एक फेरी मारतात आणि जगातला सर्वात अवघड प्रश्न विचारतात, “किती देती?” इच्छुक दबक्या आवाजात सांगतो, अकरा. आजोबा म्हणतात, “आमची पिकअप चौदा देती, वर वीस पोती भात नेती. ही लय खाली हाय, पावणं.” हॉट हॅचचं याहून नेमकं परीक्षण गाड्यांच्या मासिकांत आलेलं नाही.

गावाकडच्या शेडमध्ये किंवा बंगल्याच्या पोर्चमध्ये वर्षभर झाकून ठेवलेली गाडी ‘जपलेली’ म्हणून विकली जाते. जपलेली असते, पण उंदरांनी. वायरिंग, बॉनेटखालचं अस्तर, इंधनाच्या रबरी नळ्या, सगळीकडे दातांच्या खुणा शोधाव्यात. जुन्या पालिओच्या नळ्यांना तर आता उंदरांची गरज उरलेली नाही. पंपावर सध्या मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ती गाडी बनली तेव्हा याचा विचारही नव्हता. नळ्या आणि सील नव्या टाकायचा खर्च किमतीतच धरावा.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. फियाटने २०१९च्या सुमारास इथल्या मोटारविक्रीतून अंग काढून घेतलं, त्यामुळे अबार्थवाल्यांना एक नातं पाठ असावं लागतं. लिनिआ टी-जेटचं इंजिन त्याच घराण्यातलं, ११४ अश्वशक्तीचं. बरेच भाग जुळतात, टर्बो जुळेलच असं नाही. घेण्याआधी आपल्या गॅरेजवाल्याला विचारावं. त्याने गाडीचं नाव ऐकून उसासा टाकला तर कारण विचारावं. हात चोळले तर दुसरा गॅरेजवाला शोधावा.

‘स्टेज वन केलंय, दीडशे घोडे झालेत’ असं अभिमानाने सांगितलं जातं. घोडे मोजलेला कागद मागितला की ते निम्मे होतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर पीयूसीला अडचण, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. मूळ सायलेन्सर माळ्यावर ठेवलाय, असं विक्रेता सांगतो. तो माळ्यावरून खाली उतरवून घेतल्याशिवाय सौदा करू नये.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक हॉट हॅच तिथेच गार होतात. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अंक-अंक जुळवावा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं. ते उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ची एनओसी. पंधरा वर्षं झालेल्या पालिओला नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, ती पाच-पाच वर्षांची. तिची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली. आजचा आकडा आरटीओत विचारून घ्यावा. त्यावर पर्यावरण कर वेगळा. नंबर टाकून ई-चलनंही पाहावीत. हॉट हॅचच्या मागच्या मालकाचा स्वभाव त्याच्या बोलण्यापेक्षा चलनांच्या यादीतून लवकर कळतो.

निवाडा असा. रोज ऑफिसला न्यायची असेल तर २०२०ची किंवा त्यापुढची पोलो, मॅन्युअल गिअरची. रविवारपुरती हवी असेल आणि फियाट जाणणारा मेकॅनिक ओळखीचा असेल तर अबार्थ. पालिओ फक्त घरात दुसरी चालू गाडी असेल तरच. डीएसजीवाली जीटी घ्यायचीच असेल, तर गिअरबॉक्सच्या कामाची बिलं हातात आल्यावर आणि त्यासाठी एक लाख बाजूला काढून ठेवल्यावर घ्यावी. टोकन दिल्यास पावती घ्यावी आणि उरलेले पैसे विक्रेत्याने फॉर्म २९ आणि ३०वर समोर बसून सह्या केल्यावरच द्यावेत.