अज्ञात ड्रोनचालक महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. (अथवा श्रीमती) अज्ञात ड्रोनचालक,
मु. पो. आकाश, ता. शिरूर व दौंड, जि. पुणे

विषय : आपल्या ड्रोनची लॉग फाइल जपून ठेवण्याबाबत.



पत्रास कारण की, 2024 च्या पावसाळ्यात आपण, किंवा आपल्यासारखं दिसणारं दुसरं कोणी, या दोन तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर रात्रीच्या घिरट्या घालून गेलात आणि आपले आभार मानायचे राहून गेले. जी तरुण मंडळी ग्रामसभेला बोलावूनही येत नाहीत ती काठ्या, बॅटऱ्या आणि शिट्ट्या घेऊन पारावर हजर झाली. वर्षानुवर्षं अबोला धरलेले भाऊबंद एकाच बांधावर उभे राहून वर बघू लागले. लाल-हिरवा दिवा लुकलुकला की कुत्री भुंकायच्या आधी मोबाइल वाजत. ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एक फोन शेकडो घरांत एकदम खणखणतो, ही सोय मुळात दरोडा, बिबट्या आणि आगीसाठी. तिची एवढी कसून तालीम आपल्यामुळे झाली.

ड्रोनवरून घरं हेरतात आणि मागून चोरटे येतात, असा गावाचा पक्का समज होता. कुठला कडीकोयंडा कच्चा आहे हे बघायला चोराला अंधारात दीडशे फुटांवरून, तेही स्वतःचे दिवे लावून आणि घरघर करत यावं लागतं, हा खरं तर चोरांच्या बुद्धीचा अपमान आहे. पण रात्री दोन वाजता हे सांगणाऱ्यालाच लोक त्या टोळीतला समजले असते. त्याच सुमारास जालना, बीडकडेही हेच चाललं होतं. मराठा आरक्षण आंदोलनाचं केंद्र असलेल्या अंतरवाली सराटीवर ड्रोन फिरल्याच्या तक्रारीनंतर विषय थेट विधानसभेत गेला. इकडे तर्कांना ऊत आला होता. कोणी म्हणे जमिनीची मोजणी, कोणी म्हणे कालव्याचा सर्व्हे, कोणी म्हणे लष्कर, कोणी म्हणे रील बनवणारी पोरं. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, तेव्हा त्यांचीही नावं घेऊन झाली.

महोदय, या सगळ्या तर्कांवर उतारा फक्त आपल्याकडे होता. नखाएवढ्या मेमरी कार्डात.

आपण विसरला असाल म्हणून सांगायला हवं. मोटारी चालू करायची कळ दाबली की बहुतेक ड्रोनमध्ये एक नवी फाइल उघडते आणि ड्रोन खाली बसेपर्यंत ती लिहिली जाते. अक्षांश, रेखांश, उंची, वेग, किती उपग्रह पकडले, बॅटरीचा दाब कधी घसरला, आपण अंगठ्याने कांडी कुठे वळवली, वाऱ्याने ड्रोन कुठे ढकलला आणि त्याने स्वतःला कसं सावरलं, हे सगळं सेकंदाला कित्येकदा. पहिल्याच ओळींत ‘होम पॉइंट’ असतो, म्हणजे ड्रोन जिथून उडाला ती जागा. चोराने पळता पळता मागे आपल्या घराचा पत्ता लिहून ठेवावा, असा हा कारभार. त्यामुळे काही चाणाक्ष लोक घरी पोचताच कार्ड पुसून टाकतात. आपणही तसंच केलं असेल तर आपली दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. फाइल असती तर आपण नुसते लग्नाचं शूटिंग आटोपून उरलेल्या बॅटरीवर गंमत करत होता, हे उगाच सिद्ध झालं असतं.

फाइल वाचणाराही जाणता हवा, ही आपल्या बाजूची दुसरी गोष्ट. उपग्रहाकडून येणारी वेळ भारताची नसते, साडेपाच तास मागे असते. गावाने रात्री 9 वाजून 10 मिनिटांनी पाहिलेला ड्रोन फाइलमध्ये दुपारी 3 वाजून 40 मिनिटांनी उडालेला दिसतो. घाईत वाचणारा म्हणेल, हा तो नव्हेच. उंचीचंही तसंच. काही आकडे उड्डाणाच्या जागेपासून मोजलेले, काही समुद्रसपाटीपासून. शिरूरची जमीनच साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. फाइलमध्ये 620 मीटर दिसले म्हणून कोणी आपल्यावर नियमभंगाचा ठपका ठेवला, तर प्रत्यक्षात आपण जेमतेम सत्तर मीटरवर असाल आणि आगाऊ परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रातली मर्यादा आहे 120 मीटरची, म्हणजे 400 फुटांची. अशा वेळी आपली सुटका करणारा कागद तोच, जो आपण पुसलात.

कायद्याने आपल्याला छळलं, असं मात्र म्हणता येणार नाही. 1 डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या नियमांत ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ अशी अट होती, यंत्रातच बसवायची. पुढे ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम आले. त्यांत ही अट, ड्रोनची जागा त्या त्या क्षणी कळवणारं उपकरण आणि आभासी कुंपण, तिन्ही गोष्टी केंद्र सरकार ‘भविष्यात’ जाहीर करू शकेल, असं लिहिलं गेलं. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या नॅनो ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र नको, विमाही नको. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. तरी हळदीच्या मांडवावर ते कुठून उगवतात, हे मांडववाल्यांनाच ठाऊक.

आपली काळजी वाटण्याचं खरं कारण वेगळं आहे. आकाशात आपण एकटे नाही. शेजारच्या पुरंदरमधल्या सोनोरीत भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनने गावठाण मोजलं आणि पुढे एप्रिल 2020 मध्ये स्वामित्व योजना निघाली. नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 बचत गटांना ड्रोन देण्यासाठी 1,261 कोटींची तरतूद झाली. भीमा आणि घोडच्या पाण्यावरचा ऊस पुरुषभर उंचीच्या पुढे गेला की पाठीवर पंप घेऊन माणूस आत शिरू शकत नाही. फवारणी करायची तर वरूनच. आणि 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याने अवघ्या तीन आठवड्यांत तीन बळी घेतले, त्यांत दोन लेकरं होती, तेव्हा वनखात्याने रात्रीच्या उसात उष्णता टिपणारे ड्रोनच फिरवले. ही सगळी उड्डाणं खालून अगदी आपल्यासारखीच दिसतात. आपल्यावरचा राग फवारणीवाल्या ताईच्या नाहीतर मोजणीवाल्या पोराच्या अंगावर निघतो.

अशी प्रकरणं उलगडण्यात जग आपल्यापुढे आहे, असं मात्र समजू नका. डिसेंबर 2018 मध्ये लंडनचा गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या खबरांनी बंद पडला. सुमारे हजार उड्डाणं आणि 1 लाख 40 हजार प्रवासी अडकले. एका दांपत्याला पोलिसांनी पकडलं, मग निर्दोष म्हणून सोडलं आणि पुढे दोन लाख पौंड मोजून प्रकरण मिटवलं. ड्रोनवाला आजतागायत सापडलेला नाही. डिसेंबर 2024 मध्ये न्यू जर्सीत ड्रोनची लाट आली. एफबीआयकडे पाच हजारांवर खबरा गेल्या, त्यांतल्या जेमतेम शंभरेक पुढे तपासण्याजोग्या निघाल्या. कायदेशीर ड्रोन, विमानं, हेलिकॉप्टर आणि चक्क तारे, असा सरकारी खुलासा झाला. 2025 च्या पावसाळ्यात पश्चिम उत्तर प्रदेशात हीच साथ पसरली, तेव्हा मुजफ्फरनगरला दोघे पकडले गेले. त्यांनी कबुतरांना लाल-हिरवे दिवे बांधून सोडलं होतं. कबुतराची लॉग फाइल निघत नाही, तेवढी सवलत त्यांना द्यावीच लागेल.

आता फाइल ठेवायची कशी, तेही ऐका. कार्ड भरलं की बरेच फ्लाइट कंट्रोलर सगळ्यात जुनी फाइल खोडून नवी लिहितात. म्हणून दिवसाचं काम झालं की कार्ड काढून मूळ फाइल जशीच्या तशी लॅपटॉपवर उतरवावी आणि फोल्डरला तारीख, गाव, गट नंबर अशी नावं द्यावीत. मोबाइल ॲपमधली नोंद वेगळी, ड्रोनच्या पोटातली वेगळी. दोन्ही ठेवाव्यात. कंपनीच्या सर्व्हरवर भिस्त ठेवू नये. डीजेआय या चिनी कंपनीने जून 2024 पासून अमेरिकेतल्या ग्राहकांच्या उड्डाणनोंदी आपल्या सर्व्हरवर घेणंच थांबवलं. ड्रोन उसात पडला तरी शेवटचा अक्षांश-रेखांश याच नोंदीत सापडतो, नाहीतर तोडणीपर्यंत वाट बघा. अपघात झाला तर 48 तासांत ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर कळवावं लागतं. त्या अहवालासाठी आणि विम्याच्या दाव्यासाठीही हीच फाइल कामी येते. किती काळ ठेवावी? निदान वर्षभर. जागेचा खर्च एका चहाइतकाही नाही.

फाइलमध्ये सहसा कोणाच्या अंगणाचा फोटो नसतो, नुसती वाट असते. तेव्हा खाजगीपणाची सबब सांगून ती दडवण्यात अर्थ नाही. आणि गस्तीवरच्या मंडळींनाही एक विनंती याच पत्रातून : दिवा दिसला तर वेळ, दिशा आणि जागा लिहून घ्या. काठीपेक्षा हे टिपण फाइलशी ताडून बघायला उपयोगी पडतं. ड्रोनवाला हाती लागलाच तर त्याला आणि त्याच्या कार्डाला धक्का न लावता पोलिसांकडे द्या.



आपले,
शिरूर व दौंड तालुक्यांतील समस्त जागते ग्रामस्थ

ता. क. : पुढच्या वेळी येण्याआधी पोलीस पाटलाला वर्दी द्या आणि सकाळी त्या रात्रीच्या फाइलची एक प्रत ठाण्यात पोचती करा.