प्रतीक्षायुगाच्या इतिहासाची साधने

अमेरिकी विद्यापीठांत इतिहासाच्या पीएचडीसाठी अर्ज केलेल्या उमेदवाराच्या आयुष्यात डिसेंबरच्या मध्यापासून जो कालखंड सुरू होतो, त्यास प्रतीक्षायुग म्हणतात. त्याच्या आरंभाविषयी वाद नाही. बहुतेक खात्यांची मुदत 1 ते 15 डिसेंबरच्या दरम्यान संपते आणि उमेदवार शेवटच्या रात्रीच 'सबमिट'चे बटण दाबतो. अखेर 15 एप्रिलला होते असे मानण्याचा प्रघात आहे. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावानुसार, आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला त्या तारखेपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. हाती पाच प्रस्ताव असलेल्याला या ठरावाने सवडीने विचार करण्याची मुभा दिली आणि एकही नसलेल्याला त्याचा विचार होईपर्यंत तिष्ठत बसण्याची.

या युगाचा पूर्वकाळ खर्चिक असतो. वीस-पंचवीस पानांचा लेखननमुना, संशोधनाचा हेतू सांगणारे दोन पानी निवेदन, तीन शिफारसपत्रे आणि दर अर्जामागे साधारण 75 ते 125 डॉलर शुल्क. दहा ठिकाणी अर्ज केले की हजारेक डॉलर, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार रुपये, नकार मिळण्याच्या हक्कापोटी जमा होतात. जीआरईची अट कोरोनानंतर पुष्कळ खात्यांनी काढून टाकली, त्यामुळे अपयशाचे खापर फोडायला गुणपत्रिका तेवढी उरली. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला 61 टक्के म्हणजे पहिला वर्ग, घरात पेढे. तोच आकडा अमेरिकी नजरेला जेमतेम काठावर पास झालेल्या मुलाचा दिसतो. सोबत खुलासा जोडता येतो, पण आपण हुशार आहोत हे पुराव्यानिशी पटवून द्यावे लागणे हे हुशारीचे लक्षण समजले जात नाही.

शिफारसपत्राची रीत स्वतंत्र नोंद घेण्याजोगी आहे. सर म्हणतात, "मसुदा तूच करून पाठव, मी बघून अपलोड करतो." उमेदवार रात्री बसून स्वतःविषयी तृतीयपुरुषी, भारदस्त आणि संकोचाने ओथंबलेला मजकूर लिहितो. सर तो शब्दही न बदलता चढवतात. त्यानंतर पोर्टल सरांना विचारते की हा विद्यार्थी आपल्या पाहण्यातील वरच्या एक टक्क्यात बसतो, पाच टक्क्यांत, दहा की पंचवीस? सर सत्यवचनी असतात. चांगला मुलगा आहे, उगाच डोक्यावर कशाला चढवा, म्हणून ते पंचवीसवर खूण करतात आणि उमेदवाराला फोन करून सांगतात, "जोरदार शिफारस केली आहे." अमेरिकेत पंचवीस टक्क्यांची शिफारस म्हणजे अर्ज बाजूला ठेवण्याची सूचना, हे सरांना ठाऊक नसते. उमेदवाराला ते कधीच कळत नाही, कारण पत्र पाहण्याचा हक्क त्याने अर्ज भरतानाच सोडून दिलेला असतो.

प्रतीक्षायुगाचे पहिले अस्सल साधन म्हणजे पोर्टल. ते दिवसातून एकदाच पाहावे असा संकेत आहे. तो पाळला गेल्याचा पुरावा उपलब्ध नाही. अर्जाची स्थिती 'सबमिटेड'वरून 'अंडर रिव्ह्यू' झाली की त्या दोन शब्दांवर भाष्यांचा डोंगर उभा राहतो. समितीने फाईल उघडली, हा एक पक्ष. संगणकाने सगळ्यांचेच शब्द एका रात्रीत बदलले, हा दुसरा. दुसरा पक्ष बहुधा खरा असतो, म्हणूनच त्याला अनुयायी कमी.

दुसरे साधन ईमेल. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिथल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटलेला निकाल पुण्यात शनिवारी पहाटे साडेतीनला पोहोचतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळे तासभर पुढे सरकवते आणि पुण्यातली जाग अडीचवर येते. त्या वेळी आलेला प्रत्येक ईमेल निकालाचा नसतो. अर्ज भरण्याचा अनुभव कसा वाटला अशी विचारणा करणारी पाहणीही त्याच पत्त्यावरून येते. खरा निकाल आला तरी ईमेलात निकाल नसतो. स्थितीत बदल झाला आहे, पोर्टल पाहावे, एवढीच वर्दी असते. मग पासवर्ड आठवत नाही. काही पोर्टलांवर प्रवेश मिळाल्यास पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडतात. ते उडाले नाहीत की पुढचे पत्र वाचण्याची गरज उरत नाही. तरी ते तीनदा वाचले जाते.

तिसरे आणि सर्वांत विपुल साधन म्हणजे मौन. काही खाती जानेवारीत झूमवर मुलाखती घेतात, काही घेतच नाहीत. मुलाखत न घेणाऱ्या खात्याकडून मुलाखतीचे बोलावणे आले नाही, यावरही अनुमाने बांधली जातात. इथे उमेदवारांचे संप्रदाय पडतात. इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांकेचा वारसा सांगणारे उमेदवार कागद हाती येईपर्यंत काही मानत नाहीत. त्यांची संख्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शून्यावर येते. फ्रेंच इतिहासकार ब्रोदेलचे चाहते दीर्घ कालपटावर भर देतात आणि गेल्या दहा वर्षांच्या निकालतारखांचा एक्सेल तक्ता बाळगतात. रणजित गुहांनी सरकारी दप्तर उलट्या अंगाने वाचायला शिकवले. त्यांचे अनुयायी नकाराचे छापील पत्र तसे वाचून त्यात छुपी पसंती शोधतात. यंदा अर्जदार असाधारण संख्येने आणि असाधारण गुणवत्तेचे होते, असे त्या पत्रात असते. दरवर्षी असते. असाधारण नसलेले वर्ष अजून कोणत्याही दप्तरात सापडलेले नाही.

या सगळ्या संप्रदायांना एकच गोष्ट मान्य असते: तिकडे कोणीतरी आपला लेखननमुना पेन्सिल हातात घेऊन वाचत आहे. वस्तुस्थिती रूक्ष आहे. मोठ्या खात्यातही सगळे देश आणि सगळी शतके मिळून वर्षाला दहा-वीस जणांची तुकडी. त्यात दक्षिण आशियाच्या वाट्याला एखादी जागा, एखाद्या वर्षी तीही नाही. मार्गदर्शक रजेवर आहे का, गेल्या वर्षी कोणत्या विषयाला विद्यार्थी मिळाला, यंदा पाळी लॅटिन अमेरिकेची आहे का, यावर पुष्कळसे ठरते. मोडी लिपी येणाऱ्या आणि पेशवे दप्तरावर काम करू पाहणाऱ्या पुण्याच्या मुलीचे भवितव्य मध्ययुगीन युरोप शिकवणाऱ्या कोणा प्राध्यापकाच्या निवृत्तीच्या विचारावर टांगलेले असू शकते. मोडीचा त्यात काही दोष नसतो.

शिवाय पैसा. निवडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ सहसा पाच वर्षे फी माफ करते आणि वर निर्वाहवेतन देते, म्हणून जागा मोजून मापून निघतात. 2024 च्या नोव्हेंबरात बोस्टन विद्यापीठाने इतिहासासह डझनभर मानव्य आणि सामाजिक शास्त्रांचे पुढच्या वर्षीचे पीएचडी प्रवेशच थांबवले. 2025 च्या फेब्रुवारीत, संघराज्य सरकारच्या निधीला कात्री लागल्यावर, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ऐन हंगामात जागा कापल्या. त्या काळात मौनाचा अर्थ लावत बसलेल्या विद्वानांपैकी हिशेबखात्याकडे कोणी पाहिले नव्हते.

ज्यासाठी ही रांग लागते त्या नोकऱ्यांची मोजदाद 1884 मध्ये स्थापन झालेली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन ठेवते. तिच्याकडे नोंदल्या जाणाऱ्या जागा 2008 च्या मंदीआधी वर्षाला हजाराच्या वर होत्या. गेल्या दशकाच्या अखेरीस त्या पाचशे-साडेपाचशेच्या घरात आल्या. त्याच सुमारास नवे डॉक्टर वर्षाला हजाराच्या आसपास बाहेर पडत होते. हा हिशेब खुद्द इतिहासकारांनीच छापलेला असून उमेदवाराने तो वाचलेला असतो. आपल्याला तो लागू नाही, हेही त्याने ठरवलेले असते.

घरच्यांची भूमिका या काळात मुलीची पत्रिका देऊन 'कळवतो' ऐकून आलेल्या पाहुण्यांसारखी असते: रोज विचारायचे नाही असे ठरवून रोज विचारणे. शेजारच्या घरातला मुलगा एमएसला गेला, ते सर्वांना समजते. इतिहासात पीएचडी, तीही अमेरिकेत, आणि पैसे उलट तेच देणार, हे ऐकल्यावर काका आधी फसवणुकीची शक्यता तपासतात आणि मग विचारतात, "आपला इतिहास तिकडे जाऊन शिकायचा?" 2004 च्या जानेवारीत एका अमेरिकी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाल्यापासून हा प्रश्न पूर्वीइतका निरागस राहिलेला नाही. त्यापेक्षा इथल्या प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यावी, असा सल्ला आत्याकडून येतो. 18 जून 2024 ची नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली होती, हे आत्याच्या लक्षात नसते. तिथे निदान उत्तर एका दिवसात मिळाले, असे म्हणता येते.

निकालांचे तीन प्रकार संभवतात. प्रवेश मिळालेल्यांचे हे युग संपून व्हिसाचे सुरू होते. 2025 च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे थांबवल्यावर दोन्ही युगांत फरक काय, हे सांगणे कठीण झाले. वेटिंग लिस्टवर ठेवलेले 14 एप्रिलच्या रात्री, पाच प्रस्ताव बाळगणाऱ्या त्या अनोळखी विद्यार्थ्याचा विचार झाला का, याचा अंदाज घेत बसतात. त्याने चार जागा सोडल्या तर त्यातली एखादी 15 तारखेच्या दुपारी खाली सरकते आणि उत्तर त्याच संध्याकाळपर्यंत द्यावे लागते. उरलेल्यांना नकार येतो, किंवा येतही नाही. काही ठिकाणी अर्ज मे-जूनपर्यंत 'अंडर रिव्ह्यू'च असतो. सप्टेंबरात त्याच विद्यापीठाकडून नव्या हंगामासाठी अर्ज करण्याचे सस्नेह निमंत्रण येते, त्यात उमेदवाराचे नाव अचूक लिहिलेले असते आणि शुल्क भरण्याची लिंक ताबडतोब चालते.