बंबाचं जळण: कर्त्या पुरुषांसाठी सोपं मार्गदर्शन

सातारा-सांगलीकडं कडाक्याची थंडी दोनच ठिकाणी पडते: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि न्हाणीघरात. पहिलीची बातमी गोठलेल्या दवबिंदूंच्या फोटोसकट दरवर्षी छापून येते. दुसरी छापावी लागत नाही. बंब धुमसत असतो, कर्ता पुरुष परड्यात डोळे पुसत असतो आणि पोरं शाळेला आंघोळीविना जायच्या आनंदात असतात. घरात ओंडके रग्गड असतात. ते त्यानंच बनियनवर उभं राहून, शेजाऱ्यांच्या देखत फोडलेले असतात. नसते ती करंगळीएवढी वाळकी काटकी. काडी लावून ओंडका पेटत नाही, हे घरातल्या बायकांना जन्मापासून ठाऊक असतं आणि कर्त्या पुरुषाला दर डिसेंबरात नव्यानं कळतं. सबब, पुढील सूचना.

१. पात्रता
कुऱ्हाड उत्तम चालवता येत असल्यास तूर्त ती बाजूला ठेवावी. या कामाला फक्त वाकता यावं लागतं. बांधावरून येताना हात रिकामे ठेवायची सवय असलेल्यांनी आधी आठवडाभर सराव करावा.

२. हंगाम
हिवाळ्याची तयारी चैत्रात सुरू होते. मृग ७ जूनच्या सुमारास निघतो. त्याच्या आत सगळं जळण आडोशाला गेलं पाहिजे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जावळी-पाटणच्या डोंगरकपारीतही जूननंतर काटकी वाळवीन म्हणणाऱ्याला लोक हसतात. माण, आटपाडी, जतकडं वाळवायचा प्रश्न नाही, मिळवायचा आहे. तिथं वेड्या बाभळीचे काटे आणि ज्वारीची धसकटं यांच्याशी जुळवून घ्यावं.

३. प्रतवारी
अव्वल प्रत: द्राक्षाची काडी. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीतली काडी उन्हाळाभर वाळते, म्हणून ती धरावी. ऑक्टोबरची काडी थंडीच्या तोंडावर हाती येते. तिला महिनाभर ऊन द्यावं. तारा आणि सुतळ्या आधी काढाव्यात. या काडीनं मोरचुदापासून सगळे फवारे अंगावर घेतलेले असतात, तेव्हा ती उघड्यावरच्या बंबालाच घालावी, भाकरीच्या तव्याखाली नको.

दुसरी प्रत: तुराट्या. सरळ, हलक्या, लगेच धरणाऱ्या. तूर झोडपून झाली की पेंढ्या बांधून ठेवाव्यात. झोपडीच्या कुडाला लागतील म्हणून कुणीतरी मागायला येईलच. नाही म्हणायची तयारी ठेवावी.

तिसरी प्रत: मक्याची बुरकुंडं. ही काटकी आणि ओंडका यांच्यातली मध्यस्थ मंडळी. यांच्याशिवाय बोलणी फिसकटतात.

चौथी प्रत: उसाचं पाचट. याचा भडका निवडणुकीतल्या आश्वासनासारखा, पाणी तापायच्या आत संपतो. शिवाय पाचट जाळू नका, सरीतच कुजवा, असं ऊसतज्ज्ञ सांगत आलेत. तेव्हा एक कवळ आणावी आणि बाकीचं रानाला ठेवावं.

४. तपासणी
काटकी दोन्ही हातांनी मोडावी. कट्‌कन आवाज आला तर ती उत्तीर्ण. वाकली तर ओली. ‘चालतंय की’ हा शेरा या तपासणीत ग्राह्य धरला जात नाही.

५. साठवण
खाली विटा किंवा दगड मांडावेत, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही. वरून खताच्या पोत्यांची शिवलेली ताडपत्री घालावी. बाजू मोकळ्या सोडाव्यात. चहूबाजूंनी गुंडाळलेलं जळण आतल्या आत बुरसतं. कृष्णाकाठच्या घरांनी विटांवर भरवसा ठेवू नये. २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा जळण माळ्यावरच बरं. पण रोजच्यापुरती मोळी बंबाशेजारी असावी, नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मोळीत हात घालण्याआधी काठीनं दोन दणके द्यावेत. विंचवालाही थंडी वाजते.

६. पेटवणं
आधी बंबात पाणी आहे का बघावं. रिकामा बंब पेटवला की डाग सुटतो, आणि तांबट शोधण्यात अख्खी थंडी जाते. मग जाळीखालची राख काढावी. नळकांड्यात चिमूटभर पाचट, त्यावर उभ्या काटक्या, त्या धडधडल्या की दोन बुरकुंडं, आणि सगळ्यात शेवटी आपली ती मानाची ढलपी. नळकांडं ठासून भरू नये. हवा जाळीतूनच वर चढते. रॉकेल हुडकत बसू नये, ते रेशनवरूनच गेलं.

७. चौकशी
एवढं करूनही पहाटे काटकी सापडली नाही तर घाबरू नये. वळचणीला, शेणींच्या मागं, जुन्या पाटीत एक मोळी हमखास असते. ती आईनं किंवा बायकोनं रानातून येताना रोज मूठ-मूठ आणून ठेवलेली असते. वर्षभर तिला आपण ‘परड्यातला कचरा’ म्हणत आलेलो असतो.

८. आंघोळीचा क्रम
प्रचलित क्रम असा: शाळेची पोरं, कर्ता पुरुष, आलाच तर पाहुणा, आणि बंब विझत आला की ती मोळी आणणारी. या क्रमात सुधारणा करायला कुऱ्हाड लागत नाही, ताडपत्रीही नाही. कर्त्या पुरुषानं खांद्यावर टॉवेल टाकून आपला नंबर शेवटी लावावा. थंडी वाजेल. तेवढ्या वेळात उद्याच्या काटक्या मोडून घ्याव्यात.