अस्वल कानात काही सांगत नसतं

"अवं, पहाटे चारला गौताळ्यात काय करायलेत ही पोरं?" मावशींनी विचारलं आणि वहिनींच्या हातातली मेथीची जुडी निवडायची तशीच राहिली.

सिडकोतल्या आमच्या ओळीत माझं घर मधलं. उजव्या भिंतीवर वहिनी, डाव्या भिंतीवर मावशी, आणि दोघींचं बोलणं माझ्या अंगणावरून जातं. तक्रार नाही. पेपर बंद केला तरी चालेल, अशी सोय आहे.

तर वहिनींच्या बाबूचा ट्रेकिंग ग्रुप रविवारी कन्नडला जाणार. तिथून गौताळा अभयारण्य, धवलतीर्थ, जमलं तर पितळखोऱ्याची लेणी. श्रावण लागला की आपल्या गावातल्या निम्म्या दुचाक्या म्हैसमाळकडे नाही तर कन्नडच्या घाटाकडे वळतात, त्यात नवं काही नाही. वहिनींना घोर लागला होता बिबट्याचा. त्यांचंही चूक नाही. ३ डिसेंबर २०१९ ला सिडको एन-१ मध्येच बिबट्या शिरला होता, त्याला बेशुद्ध करून न्यावं लागलं. जुलै २०२४ मध्ये दुसरा एक उल्कानगरीत सीसीटीव्हीत दिसला, मग प्रोझोन मॉलच्या बाजूला दिसला. पिंजरे लागले, पण तो काही हाती लागला नाही. तेव्हापासून वहिनी अंधार पडल्यावर कचरा टाकायला बाहेर पडत नाहीत. (आधीही नवऱ्यालाच पाठवायच्या, आता कारण चांगलं मिळालंय इतकंच.)

"बिबट्याचं काय घेऊन बसल्या तुम्ही," मावशी म्हणाल्या. "माणसाची चाहूल लागली की बिबट्या बहुतेक वेळा गुमान सरकतो. जंगलात भ्यायचं ते अस्वलाला."

"गौताळ्यात अस्वल? काहीतरीच!"

काहीतरीच नाही. १९८६ साली जाहीर झालेल्या या गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या प्राण्यांच्या यादीत बिबट्याच्या जोडीला अस्वलाचंही नाव आहे. रोज दिसत नाही, म्हणून आपण ते खिजगणतीत धरत नाही. अजिंठ्याची डोंगररांग इथून पूर्वेला थेट बुलढाण्याकडे जाते, आणि तिकडे बुलढाणा-खामगाव रस्त्यावर, बोथ्याच्या आसपास, ज्ञानगंगा अभयारण्य आहे. ते तर अस्वलांसाठीच प्रसिद्ध. मावशींचं माहेर त्याच भागातलं. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ चालत चालत गौताळ्यात आला आणि कॅमेऱ्यात सापडला, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला नवल वाटलं होतं. मावशींना नाही वाटलं. "वाघाला वाट सापडते, तर अस्वलाला काय एसटी लागते?"

मी मध्येच लहानपणीचा दरवेशी काढला. डमरू वाजवत गल्लीत यायचा, अस्वलाच्या नाकात वेसण, लेकरांना त्याच्या पाठीवर बसवायचा आणि नजर लागू नये म्हणून त्याच्या केसांचा ताईत द्यायचा. वहिनींच्या दंडालाही होता म्हणे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो खेळ बेकायदा ठरला, तरी पुढे कित्येक वर्षं चाललाच. देशातलं शेवटचं नाचवलं जाणारं अस्वल सोडवलं गेलं ते २००९ च्या डिसेंबरात. मला वाटतं, आपल्या पिढीचा घोळ तिथंच झालाय. वेसण घातलेलं, दात काढलेलं, उपाशी अस्वल आपण पाहिलं आणि समजलो की हा प्राणी गरीब असतो.

"गरीब!" मावशींनी कपाळाला हात लावला. "आमच्या गावात एक आजोबा होते. अर्धं तोंड कायम उपरण्यात. सकाळी अंधारात लोटा घेऊन गेले होते नाल्याकडं, बस्स."

पण त्यांनी अस्वलाला शिव्या घातल्या नाहीत, हे मला आवडलं. उलट त्याची बाजू मांडली. अस्वल काही माणूस खायला येत नाही. त्याचं पोट मुंग्या, वाळवी, मध, बोरं, जांभळं, मोहाची फुलं यावर चालतं. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. तो आवाज शंभर पावलांवरूनही ऐकू येतो, रसवंतीवर पोरं ग्लासाच्या तळाशी नळी लावून ओढतात तसा.

"म्हणजे आपण नागपंचमीला लाह्या वाहतो ते वारूळ..."

"हो, तेच ते उकरून खातं. त्याला कसली पंचमी!"

तर गंमत अशी, की ते खाण्यात गुंग असतं, नजर तशी अधू, ऐकण्याकडे लक्ष नाही. नाक मात्र तिखट, पण वारा उलटा असला तर नाकाचाही उपयोग नाही. अशात माणूस एकदम पाच-दहा पावलांवर येऊन उभा राहिला की ते दचकतं. हरिण दचकलं तर पळतं, अस्वल दचकलं तर अंगावर येतं. बोटाएवढी नखं, शंभर किलोच्या आसपास वजन, आणि पहिला वार तोंडावर आणि डोक्यावर. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी असेल तर विचारूच नका. मेळघाटात, गडचिरोलीकडे मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला लोक भल्या पहाटे रानात जातात आणि मोहाच्या झाडाखाली अस्वलही त्याच वेळी आलेलं असतं. दोघांनाही फुलंच हवी असतात.

इथं वरच्या मजल्यावरचे सर गॅलरीतून संभाषणात उतरले. सरांकडे प्रत्येक विषयावर एक फॉरवर्ड असतो. "मेल्याचं सोंग घ्यायचं. अस्वल हुंगून निघून जातं. आणि जवळ झाड असेल तर सरळ झाडावर चढायचं."

"सर, मधाची पोळी काय जमिनीवर असतात का?" मावशी म्हणाल्या. "तुमच्या आधी ते वर पोचंल."

दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडतो, अस्वल त्याच्या कानात मैत्रीचा उपदेश करून जातं. त्या गोष्टीच्या भरवशावर गौताळ्यात जाऊ नये. सरांचा मेसेज परदेशातल्या अस्वलांवरचा होता. तिकडे मिरपुडीचा फवारा बाळगतात, तंबूपासून लांब अन्न टांगून ठेवतात. आपल्याकडे प्रश्न वेगळा. इथं ते आपल्या डब्याच्या वासानं येत नाही, आपणच त्याच्या अंगावर जाऊन आदळतो. म्हणून खरी काळजी गाठ पडण्याच्या आधीची. गाठ पडल्यावर हातात फार थोडं उरतं.

मग मावशींनी बाबूलाच बाहेर बोलावलं. तो कानात इअरफोन घालूनच आला. "हे पहिलं काढ. रानात कान उघडे पाहिजेत." मग सुरू झाल्या. पहाटे चारला निघायचं तर निघा, पण जंगलात पाय ठेवायचा तो चांगलं उजाडल्यावर, आणि दिवस कलायच्या आत बाहेर. चौघं-पाचजण मिळून, बोलत चालायचं. गुराखी काठीला घुंगरं बांधतो ती काही हौस म्हणून नाही. स्पीकर मात्र नको, तुमच्या गाण्यांनी बाकी रान कशाला उठवता? झुडपं दाट झाली, ओढ्याच्या पाण्याचा आवाज वाढला की मोठ्यानं बोला. ताजं उकरलेलं वारूळ, बोरांच्या बिया दिसणारी विष्ठा, खोडावर नखांचे ओरखडे दिसले की तिथं फोटो काढत बसू नका, मागं फिरा. मोकळा कुत्रा सोबत नेऊ नका. तो अस्वलाला डिवचतो आणि मग तुमच्याच पायात येऊन लपतो.

"आणि कपारीत डोकं घालू नको," मावशींनी बजावलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लेण्यांच्या जिल्ह्यातली माणसं आपण. डोंगरात भोक दिसलं की आत वाकून बघायची सवयच. दिवसा अस्वल अशाच गार कपारीत झोपलेलं असतं.

"आणि दिसलंच तर?" बाबूनं विचारलं. आता त्याचा मोबाइल खिशात गेला होता.

लांब असेल आणि त्यानं पाहिलं नसेल, तर आल्या वाटेनं हळूच मागं सरकायचं. पळायचं नाही, त्याच्यापुढं आपलं पळणं ते काय! दगड मारायचा नाही. अंगावर आलंच तर पालथं पडायचं, दोन्ही हातांची बोटं मानेमागं गुंफायची, कोपरांनी चेहरा झाकायचा, सॅक पाठीवरच राहू द्यायची आणि ते दूर जाईपर्यंत हलायचं नाही. हे सरांच्या सोंगासारखं दिसतं खरं, पण यात फसवायचं कुणालाच नसतं, चेहरा आणि मान वाचवायची असते. नंतर जखम साबणानं भरपूर धुऊन आधी कन्नडचं सरकारी रुग्णालय, मग शहरातलं घाटी रुग्णालय. रेबीजची सुई चुकवायची नाही.

"मग जाऊच नको ना," वहिनी म्हणाल्या. "कशाला जीवाला घोर?"

"जाऊ दे हो. पोरांनी रान बघायचं नाही तर काय मॉल बघायचा? तिथंबी बिबट्या आलाच ना!"

ग्रुपवर वेळ बदलली आहे. रानात शिरणं सात वाजल्यानंतर, नाक्यावर नोंद करून, वनखात्यानं सांगितलेल्या वाटेनंच. तुमच्याही घरातून कुणी या श्रावणात गौताळ्याला किंवा बुलढाण्याकडे निघालं असेल, तर वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आजच टाकून द्या. घाटात रेंज नसते, त्यामुळे कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी कागदावर लिहून ठेवायला लावा.